बासरी ऐकू येते का

डोंबिवलीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. शेजारच्या शेडमध्ये पत्रा दाबणारे प्रेस धडाधड चालायचे. कानात घालायला बोंडं मिळायची, ती आम्ही खिशात ठेवायचो. कानात बोंडं घालणारा माणूस नाजूक समजला जायचा आणि आम्हा शहाण्यांना नाजूक व्हायचं नव्हतं.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. म्हणाले, "वरचे स्वर आधी जातात. सहा महिन्यांनी परत या." मी गेलो नाही. घाबरलो होतो, दुसरं काही नाही. त्याऐवजी तपासणी घरीच सुरू केली, एका सीडीवर.

ही सीडी मला जुनं सामान विकणाऱ्या एका दुकानात मिळालेली. ऑर्केस्ट्राचं संगीत, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. तीन संगीतकार, तिघांचीही नावं मला नीट उच्चारता येत नाहीत. आतल्या पुस्तिकेत लिहिलंय की त्यांच्या काळातल्या मोठ्या लोकांच्या सावलीत ते राहून गेले. माझा जीव त्यांच्यावर जडला तो बहुधा म्हणूनच. हिला ते संगीत म्हणजे "तुमचं लग्नातलं बँडपथक". कोपरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत ते ऐकणारा मी एकटाच.

दुसऱ्या तुकड्यात एक जागा आहे. पितळी वाद्यांचा मोठा कल्लोळ होतो, मग सगळं खाली बसतं, जवळजवळ काहीच उरत नाही. आणि त्या शांततेत खूप वर, एकटी बासरी सुरू होते. कोणी दुसऱ्या खोलीत बाळाला निजवतंय इतकी हळू. रोज चार वाजता, आवाजाचं बटण त्याच आकड्यावर ठेवून, डोळे मिटून मी तिची वाट बघायचो. आज आली नाही तर? पण ती यायची. मी हिला ओरडून सांगायचो, "आली गं!" आणि आणखी एक दिवस सुटलो असं वाटायचं.

असे आठ महिने गेले. जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी तसाच बसलो होतो. कल्लोळ झाला, सगळं खाली बसलं आणि बासरी आली. त्या दिवशी तर फारच स्वच्छ आली. मी शेवटच्या लांब स्वरापर्यंत ऐकलं. तेवढ्यात हिने खांद्याला धरून हलवलं.

"अहो, मान काय डोलावताय? लाईट गेलीय कधीची."

प्लेयरचा दिवा विझलेला होता. शुक्रवारी दुरुस्तीसाठी आमच्याकडे कधीकधी लाईट जाते, त्यात नवल नव्हतं. थंडीमुळे पंखा बंदच होता, त्यामुळे मला कळलंच नाही. मी ऐकत होतो ते काय होतं मग? आणि काल? आणि गेले आठ महिने?

कारखान्यात नव्या पोरांना मी याच गोष्टीवरून झापायचो. तोच तो पार्ट रोज तपासला की डोळ्याला पार्ट दिसत नाही, पाठ झालेलं ड्रॉइंग दिसतं, नमुना बदला. ते मीच शिकवायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पण खरी भीती नंतर आली. ही स्वयंपाकघरात जाता जाता काहीतरी म्हणाली आणि मी सवयीने "हो, ठेव" म्हणालो. चार वाजता ती चहाचंच विचारते. पण आज तिचा आवाज मला आला होता का? छत्तीस वर्षांत कोणत्या वेळी ती काय बोलणार हे मला पाठ आहे. म्हणजे तिलाही मी असाच ऐकत आलो असेन तर?

मी मागोमाग आत गेलो. म्हटलं, "ओट्याकडे तोंड कर आणि काहीतरी बोल. रोजचं नको. जे कधी बोलली नाहीस असं."

"काय नाटक हे आता?"

"बोल गं. मी दारात उभा राहतो."

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग पाठ फिरवली. तिची मान किंचित हलली, एक हात उचलला गेला, परत ओट्यावर टेकला. गॅसवर आधण उकळताना दिसत होतं. मी कानात प्राण आणून उभा होतो. छाती धडधडत होती, तेवढीच जाणवत होती.

ती वळली. डोळे भरलेले होते.

"ऐकलंत?"

"हो," मी म्हणालो.

"मग काय म्हटलं मी?"

मी म्हणालो, "परत एकदा बोल ना. जवळ येऊन बोल."

ती अगदी जवळ आली, पदराने डोळे पुसले आणि माझ्या तोंडाकडे बघत सावकाश म्हणाली, "नाही हो. ते एकदाच बोलता येण्यासारखं होतं."