नुसत्या भाताचं पान

काळाचौकीच्या आमच्या घरी म्हाळाला आत्या पितरांसाठी पानं वाढते. सगळ्या पानांवर वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. एका पानावर मात्र नुसता भात, चांगला चार माणसांचा. एवढा भात कावळे तरी खातील का, म्हणून मी दरवर्षी कुरकुरायचे. ते पान कुणाचं, हे आत्याने कधी सांगितलं नाही.

यंदा मी एक कादंबरी वाचत होते. लढाईच्या दिवसांतलं परमुलखातलं गाव, त्यात एक आई पीठ लपवून ठेवते आणि मुलांना तुकडा तुकडा भाकरी देते. म्हाळाच्या आदल्या दिवशी वाटाणे निवडणाऱ्या आत्याला मी ती गोष्ट सांगत होते. तिचे हात थांबले.

"लढाईत आमच्या गावाकय तांदूळ मिळेनासो झालो," ती म्हणाली. "तुझो बापूस तेव्हा तापान निजलेलो. होतो तेवढो भात आये त्याका भरवी. माझ्या थोरल्या बहिणीक पेजेचा नुसता पाणी. भात मागता मागताच ती गेली. आयेन ह्या माका शेवटाक सांगितल्यान. तुझ्या बापाशीक मरेपर्यंत कळाक दिला नाय."

दुसऱ्या दिवशी ते पान मी वाढलं. भात जरा जास्तच घातला, वर तूपही सोडलं.

मागून आत्याने विचारलं, "त्या पुस्तकातली पोरां वाचतत मा?"

मी हो म्हटलं. अर्ध्यावर मिटलेली ती कादंबरी अजून कपाटात आहे.