मर्लने गवत परत केलं

मर्ल गॅफनीने उभा जन्म आमच्या येरिंबुलच्या शाळेच्या कँटीनमध्ये खिमा भरलेले मीट पाय गरम करण्यात घालवला. नवरा मेंढ्यांची लोकर कातरायचा. आधी त्याची पाठ गेली, मग तो बाटलीला लागला, मग तोही गेला. मूलबाळ नाही. राहिली ती थिसल नावाची करडी पोनी आणि दर शरदातला आमचा शेतकी मेळा. मेळ्यात पोनींच्या रिंगणाचं फाटक मी सांभाळते. कोण कसल्या तोऱ्यात आत गेलं आणि कसलं तोंड घेऊन बाहेर आलं, ते माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही.

रिंगणात मोठ्यांचे दोन वर्ग असतात. खुल्या वर्गात शहराकडचे धंदेवाईक स्वार येतात. त्यांच्यासमोर आमच्या गावातल्या कुणाची डाळ शिजत नाही. दुसरा हौशी वर्ग. घोडा शिकवायचा, वठणीवर आणायचा, दुसऱ्यासाठी चालवायचा कसलाही मोबदला ज्याने घेतलेला नाही, तो हौशी. या वर्गात पहिला येणारा सिडनीच्या मोठ्या मेळ्याला जातो. मर्लला आयुष्यात तेवढंच हवं होतं. थिसलचे पाय धड आहेत तोवर एकदा तिला त्या मोठ्या रिंगणात न्यायचं.

पण दरवर्षी ती दुसरी यायची आणि पहिली डेलिया हॅमंड. डेलियाचा नवरा ट्रॅक्टर विकतो. तो बायकोला शिकवूनसवरून तयार झालेली पोनी आणून देतो, वर घरी शिकवायला माणूस ठेवतो. डेलिया त्या माणसाला पैसे देते, कुणाकडून घेत नाही, म्हणून ती हौशी. नियम तसा आहे, मी केलेला नाही.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मर्ल जिंकली. थिसल त्या दिवशी अशी चालली की परीक्षक बाई टिपणं लिहायची थांबून नुसती बघत राहिली. निळी फीत हातात घेऊन मर्ल फाटकाशी आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मलाही भरून आलं.

आमच्याकडे जिंकणाऱ्यांच्या घरचं माणूस माईकवर येऊन आभार मानतं. पोरांच्या वर्गात क्लेम रूनीच्या मुलीचं तट्टू पहिलं आलं होतं. क्लेम मर्लचा शेजारी, मनाने चांगला, पण तोंडाला कडी नाही. तो माईक धरून ओरडला, "आणि आमच्या मर्लला टाळ्या! आमचं तट्टू नुसतं लाथा झाडायचं. हिने हिवाळाभर खपून त्याला माणसात आणलं. मीही हात आखडता घेतला नाही बरं का! या दुष्काळात दोन ट्रेलर गवत टाकलं तिच्या दारात!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेलियाने हातातला केक खाली ठेवला, बोटं पुसली आणि ती थेट समितीच्या तंबूत तक्रार नोंदवायला गेली.

परतताना माझ्या फाटकापाशी तिने मर्लला गाठलं. "वाईट वाटून घेऊ नकोस हं मर्ल. तुझ्याशी माझं वैर नाही. नियम म्हणजे नियम."

"अगं, गवत होतं ते डेलिया. घोडीने खाल्लं."

"मग घोडी धंदेवाईक झाली म्हणायची!" डेलिया हसली. आजूबाजूचे चारजण हसले. त्यांतल्या दोघांच्या पोरांना मर्लनेच फुकट खोगिरावर बसायला शिकवलं होतं.

समितीची बैठक पुढच्या रविवारी होती. मी मर्लला म्हटलं, "तोंड शिवून बस. क्लेम सांगेल शेजारधर्म होता म्हणून. निम्मी समिती शाळेत तुझ्या हातचे मीट पाय खाऊन मोठी झालीय, सोडून देतील."

"त्यापेक्षा मी गवत परतच करते ना," ती म्हणाली. "परत केलं की मिटलं. मग मी काही घेतलंच नाही."

प्रामाणिक माणसांचा मला याचसाठी राग येतो. आपण सरळ वागलो की समोरच्याला ते दिसणारच, अशी त्यांची खात्री असते. निम्मं गवत थिसलच्या पोटात गेलं होतं. मर्लने साठवलेलं सगळं मोडलं, दुष्काळाच्या भावाने गवत आणलं आणि दोन ट्रेलर भरून क्लेमच्या गोठ्याशी रचलं. उरलेल्या निम्म्यातली काडीही मागे ठेवली नाही. क्लेम दोनदा नको नको म्हणाला आणि ठेवून घेतलं. त्याच्या मेंढ्या उपाशी होत्या.

बैठकीत अध्यक्ष पेथरिकने विचारलं, "मर्ल, हे गवत तू परत का केलंस?"

"मला मोबदला नको होता, म्हणून."

"म्हणजे तो मोबदला होता."

क्लेम उठून काहीतरी बोलायला लागला, त्याला खाली बसवलं. डेलिया म्हणाली, "आता तिनेच कबूल केलं म्हटल्यावर आपण काय करणार?"

फीत काढून घेतली. हौशी वर्गातून दोन वर्षं बाद. नंतर पेथरिक मला खासगीत म्हणाला, "गवत परत केलं नसतं तर आम्ही सोडणार होतो गं." हे तो मला सांगत होता, मर्लला नाही. मी त्याला शिवी दिली, त्याने टोपी नीट केली.

त्या हिवाळ्यात थिसलच्या फासळ्या दिसायला लागल्या. मर्लजवळ ना गवत ना पैसा. क्लेमकडे हात पसरायची सोय राहिली नव्हती; एक पेंढी घेतली असती तरी पुन्हा बोंब झाली असती. एके सकाळी डेलिया ट्रेलर घेऊन दारात उभी राहिली. "माझ्याकडे छपरापर्यंत गवत आहे. तुझ्या ताठ्यापायी त्या मुक्या जिवाला मारणार आहेस का?" मर्लने थिसल विकली. पडत्या भावाने.

पुढच्या मेळ्यात डेलिया थिसलवर बसून आली. पण थिसल आयाळीच्या वेण्या कुणाला घालू देईना. डेलियाच्या नोकराला ती चावली. तेव्हा डेलियाने मर्लला बोलावणं धाडलं. "ये गं, घाल वेण्या. आता तुला पैसे घ्यायला कुणाची ना नाही."

मर्ल आली. थिसल कान पाडून गप्प उभी राहिली आणि मर्लची बोटं भराभर चालली.

डेलिया पहिली आली, सिडनीला जायची ठरली. माईकवर तिने नवऱ्याचे आभार मानले, परीक्षकांचे मानले, हवेचेसुद्धा मानले. मर्लचं नाव घेतलं नाही.

बाहेर येताना थिसल बंद फाटकापाशीच अडली आणि तिने मर्लच्या खिशाला नाक लावलं. तिथे सफरचंदाची फोड असायची. त्या दिवशीही होती. मर्लने ती काढली आणि वर डेलियाकडे बघितलं. "देऊ का?"

"नको गं, तोंडाला हिरवा फेस येईल. अजून फोटो व्हायचाय."

मर्लने फोड परत खिशात टाकली. डेलियाने खोगिरावरूनच वाकून त्याच खिशात एक नोट खोचली, आणि मी फाटक उघडलं.