यास्मीनभाभीचा कान

विहिरीत काही अडकलं की मोडनिंबच्या आसपास गौसभाईंनाच बोलावतात. पण गौसभाई एकटे कधी येत नाहीत, सोबत यास्मीनभाभी असतातच. कॉम्प्रेसरची हवेची नळी तोंडात धरून ते तळाला जातात, आणि भाभी काठावर मोटारीच्या पाईपला कान लावून बसतात. खालून पाईपवर पान्याचा एक ठोका आला तर कमरेचा दोर सैल सोडायचा, दोन आले तर ओढायचा, तीन आले तर अडकलोय, ओढू नका. अठरा वर्षांत भाभींचा कान चुकलेला नाही. गौसभाईंचा जीव बायकोच्या कानात ठेवलेला असतो, असं लोक गमतीनं म्हणतात.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे शहाणपणा माझ्याकडे भरपूर. गेल्या वर्षी आमच्या विहिरीतला लोखंडी पाईप काढून मी काळा प्लॅस्टिकचा टाकला. यंदा मोटार गाळात रुतली. यातून ठोका वर येणार नाही, असं भाभींनी पाईप बघताच बजावलं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगानं जातो, असं मी त्यांना ऐकवलं. तो आवाज पाण्याबाहेर जवळजवळ येतच नाही, हे मात्र सोयीस्कर विसरलो.

गौसभाई उतरले. दहा मिनिटं झाली तरी ठोका नाही. दोरही हलेना, खाली कशात तरी गुंतला असावा. मी आणि माझा भाऊ रावसाहेब दोर धरून उभे. ओढावा, तर पायाला मोटारीची केबल गुंडाळलेली असली म्हणजे फास आवळायचा. न ओढावा, तर माणूस तळालाच राहायचा. माझ्या हौसेपायी एकाचा जीव चाललाय, एवढंच डोक्यात होतं, आणि मला भयंकर भीती वाटत होती.

भाभी पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर आडव्या झाल्या आणि त्यांनी डोकं कानापर्यंत पाण्यात घातलं. मीही शेजारी कान बुडवला. टकटक स्पष्ट येत होती, पण कुठून ते कळेना. गोल विहिरीच्या दगडी भिंतीवर आपटून एकेका ठोक्याचे चार-चार होत होते. मला काही केल्या मोजता येईना.

भाभी उठल्या. "तीन हायत. वढू नका. दोर सगळा सोडा."

रावसाहेबानं दोर सोडून दिला. थोड्या वेळानं बुडबुडे वाढले आणि गौसभाईंचं डोकं वर आलं. मी तिथंच पायरीवर बसलो आणि लाज न बाळगता रडलो.

चहा पिताना गौसभाईंनी पायावरचा केबलचा वळ दाखवला. दोर सैल पडल्यावरच त्यांना वाकून वेढा काढता आला होता. मग खाली बघत म्हणाले, "मी दोनच मारले होते, सर. घाबरलो, वढा म्हनलं."

म्हणजे भाभींचा कान पहिल्यांदाच चुकला आणि चुकला म्हणून बरं झालं, असं मी बोलून गेलो.

भाभी ओले केस पिळत होत्या. "मलाबी दोनच ऐकू आले की," त्या म्हणाल्या. "पर लई घाईत मारलेले. अडकल्याबिगर हे कदी घाई करत न्हाईत."