शिट्टीताईचा डावा गाल

पोहण्याच्या तलावावर तिला सगळे शिट्टीताई म्हणत. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, आणि दम असा की शिट्टी वाजली की पलीकडच्या टोकाला दंगा करणारं पोरही सरळ व्हावं. पन्नाशी उलटली तरी शिकवायच्या आधी ती स्वतः मनसोक्त पोहून घ्यायची.

मग डावीकडची खालची एक दाढ गेली आणि तिच्या जागी नवी बसवली. दाढ झकास बसली, पण आतली नस दुखावली. वारा लागला, घास चावला, तोंडावर पाणी मारलं, की कानापासून हनुवटीपर्यंत विजेचा झटका. शिट्टी फुंकणं, डोकं बुडवून पोहणं तर दूरच. दाताचे डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "दाढ अगदी उत्तम आहे."

"दाढेबद्दल माझी तक्रारच नाही हो," ती म्हणाली.

घरातला पंखा बंद झाला. नवरा मुकाट्याने घामाने निथळत बसे. लाडात येऊन त्याने डाव्या गालाकडे हात नेला, की ती तो अलगद उजव्या गालावर आणून ठेवी. "तिकडे रस्ता बंद आहे."

शेवटी नसांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दुखणं खरं आहे तुमचं. गोळ्यांनी हळूहळू कमी होईल. पूर्ण जाईलच, असं नाही सांगत." दुखणं खरं आहे, एवढं कुणीतरी म्हटलं म्हणून ती घरी येऊन पोटभर रडली, आणि मग पोटभर जेवली. उजव्या बाजूने.

सुरुवातीला गोळ्यांनी पेंग यायची, शब्द निसटायचे. एकदा "पाय मारा"ऐवजी "पाय पुसा" म्हणाली, तर अख्खी बॅच पाण्यात उभी राहून विचारात पडली. शिट्टीऐवजी नवऱ्याने जुन्या सायकलचा रबरी भोंगा आणून दिला. तो पॉं करून वाजला की मुलं हसता हसता पाणी प्यायची.

बायकांच्या बॅचमध्ये एक निवृत्त नर्स होती. छातीभर पाण्यात उतरायची, पण चेहरा बुडवायचं नाव काढलं की कठडा सोडायची नाही. एक दिवस वैतागून म्हणाली, "तुम्ही तरी कुठे बुडवता? मानेच्या वर पाणी येऊ देत नाही तुम्ही. बघते ना मी."

शिट्टीताईने मग सगळं सांगून टाकलं. नर्सने कठडा सोडला आणि तिचा हात धरला. "चला तर, दोघी एकदम. जे होईल ते होईल."

दोघी खाली गेल्या. झटका आलाच, पण बारीक, आणि आला तसा गेला. पाण्याने गाल सगळीकडून सारखा धरून ठेवल्यासारखं वाटलं. तिने डोळे उघडले, तर समोर नर्स गाल फुगवून, डोळे गच्च मिटून, रागावलेल्या बेडकीसारखी. शिट्टीताईला पाण्यातच हसू फुटलं आणि ती ठसकत वर आली.

"दुखलं?" नर्सने विचारलं.

"दुखलं की."

"मग हसताय काय?"

"तुमचं तोंड बघून."

"पुन्हा जायचं?"

"चला."

उन्हाळा संपेपर्यंत नर्स आडवा तलाव पार करायला लागली. शिट्टीताई शेजारून पोहते. गाल फार कुरकुरला तर उताणी होऊन, आभाळ बघत, पण तिच्या बरोबरीने.