टिकलीच्या खाली पेट्रोल गेलंच नाही

भूत-बीत मी कधी मानलं नाही. मला भीती वाटते ती पालीची आणि सासूबाईंच्या बहिणीची, बस. आठवीपर्यंत शाळा झालीये माझी, लिहिण्यात चुका होतील, समजून घ्या. पण बाटली माझ्या स्वतःच्या हातात होती, म्हणून लिहिते...

आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. ह्या चैत्रात इथनं पंचवीसेक किलोमीटरवर बेटम्याला हळदीकुंकू होतं, सासूबाईंच्या त्याच बहिणीकडे. रविवार, भर दुपार. मी, हे, सासूबाई आणि आमचा दीड वर्षाचा चिकू, गेलेल्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, वेळच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीतनं गेलो. तिथे किचनमध्ये खाली कच्चे हरभरे सांडलेले. मी पन्ह्याचा ग्लास ठेवून वळते तर चिकूनं एक उचलून सरळ नाकात. मी काढायला गेले तर अजून आत.

मावशी म्हणाल्या, "बोट घालू नको गं. ओलाव्यानं फुगेल तो. आणि श्वासात आत खेचला ना तर..." मी चिकूला उचलून बाहेर पळाले.

तिथला दवाखाना बंद. इंदूरला गंगवाल बसस्टँडजवळ नाक-कानवाले डॉक्टर आहेत, ते फोनवर म्हणाले, तासाभरात आणा, झोपवू नका. निघालो. आणि चार किलोमीटरवर गाडीनं दोन झटके दिले आणि उभी.

दोन बसना हात केला, खचाखच भरलेल्या, थांबल्या नाहीत.

ह्यांनी बोनट उघडलं. "गर्मीनं पाइपात भाप झाली असेल." म्हणून माझ्या ओटीतला नवा ब्लाउजपीस पाण्यात बुडवून पंपावर ठेवला. काही नाही. मग पाइप काढून म्हणाले, "चाबी फिरव." फिरवली. पाइप कोरडा.

"पंप गेला. टाकीतनं कार्बोरेटरला पेट्रोल चढतच नाहीये."

समोर पंक्चरवाला बसला होता, तो म्हणे, "भिया, बोतल लगा दो. ऊपर से गिरेगा, पंप का काम ही नी." पाइप पण त्यानंच दिला. ह्यांनी तोंडानं टाकीतनं पेट्रोल ओढलं, अर्धी पाण्याची बाटली भरली आणि एक घोट पोटात. बाटलीतनं पाइप बोनटखालनं कार्बोरेटरला. गाडी सुरू झाली, ह्यांनी बोनट आपटलं, आणि बाटली माझ्या हातात — खिडकीबाहेर, उंच धरून.

"हलवू नको. सात-आठ किलोमीटर जाईल एवढ्यात, मग परत भरू."

मला परत थांबायचंच नव्हतं हो. मी कपाळाची टिकली काढून पेट्रोल होतं तिथे बाटलीला चिकटवली आणि डोळे तिच्यावरच.

मागे सासूबाई चिकूला जागं ठेवत होत्या. "बघ बघ, आईनं गाडीला सलाइन लावलीये." एक बाइकवाला बाजूनं जाताना म्हणाला, "भाभीजी, एडमिट करवा दो इसको." त्याच्या तोंडात बीडी होती. मी डोळे मिटले... परत उघडले तर टिकली तिथेच, पेट्रोल पण तिथेच.

"अहो, कमीच होत नाहीये."

"होतंय गं. तू घाबरलीयेस."

"टिकली लावलीये मी."

"टिकली काय मीटर आहे?"

हात सुन्न पडला माझा. पण गाडी कुठे अडकली नाही, सरळ गंगवाल. डॉक्टरांनी आकड्यानं हरभरा काढला, फुगून टम्म झालेला. चिकूनं तो खायला हात पुढे केला, तेव्हा मी रडले.

मग जवळच्या बाबू उस्तादला गाडी दाखवली. त्यानं बोनट उघडलं आणि पहिला पाइपच हातात घेतला. बाटलीचा पाइप बोनटमध्ये दबून एकदम चपटा झालेला. फुंकर मारली, हवा पण जाईना. पंपाचा रबरी पडदा फाटलेला, त्यातनं त्यानं बोट काढून दाखवलं. कार्बोरेटरची कटोरी, ज्यात पेट्रोल साठतं, ती पण सुकी.

"बोनट गिरने से पहले कटोरी में जो भरा, उसमें एक किलोमीटर. बाकी आयी कैसे?"

"मैंने तो सिर्फ बोतल पकड़ी थी."

"बोतल से तो कुछ गया ही नी, भाभीजी."

हे म्हणाले, पंप थोडा-थोडा चालत असेल. उस्तादनं फाटका पडदा ह्यांच्या तळहातावर ठेवला. "चला के बताओ." तेव्हापासून हे ह्या विषयावर बोलत नाहीत, फक्त पेट्रोलचे ढेकर देतात. मी सासूबाईंना विचारलं, आपले बाबा असतील का हो? त्या म्हणाल्या, "ते कशाला येतात. जिवंतपणी गाडी बंद पडली तर आम्हाला उतरवायचे आणि स्वतः आत बसून हॉर्न वाजवायचे."

आता नवा पंप आहे, गाडी बरोबर चालते. पण त्या दिवशी ती कशावर चालली, अजून कोणाला सांगता आलं नाही. तुमच्यात कोणी गाडीवाला असेल तर जरूर सांगा. फक्त एवढं सांगू नका की ती रस्त्यातच बंद पडायला हवी होती... ते माझ्या मनात रोज येतं, चिकू झोपला की.