खुनी कळल्यावरही

लातूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत त्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. वय साठीच्या पुढं, मांडीवर अहमदपूरच्या बहिणीसाठी घेतलेल्या धपाट्यांची पिशवी. माझ्या हातातला दिवाळी अंक पाहून म्हणाल्या, "बघू का जरा?"

अंकात माझी रहस्यकथा होती. खुनी वाचकाच्या डोळ्यांसमोर वावरावा, पण ओळखू येऊ नये, म्हणून मी ती कितीदा तरी फाडून पुन्हा लिहिली होती. बाईंनी नेमकी तीच उघडली. लेखक मीच, हे मी सांगितलं नाही.

वाचताना त्यांचे ओठ हलायचे. मधेच त्या पदर तोंडाशी धरायच्या. मी खिडकीबाहेर बघायचं सोंग करत होतो, लक्ष मात्र त्या कितव्या पानावर आहेत, याकडंच होतं.

अहमदपूर आलं. कंडक्टर ओरडला, "मावशी, उतरायचं न्हाई का?"

"पुढं लोह्याचं तिकीट फाडा," त्या मान वर न करता म्हणाल्या.

कथा संपली तसा त्यांनी अंक मिटला. "खुनी मला मधीच कळला होता."

माझा चेहरा पडला. "मग पुढं कशाला वाचलं?"

"गोष्टीतल्या त्या पोरीला कधी कळतंय, ह्याचा लई घोर लागला होता. त्या खुन्याच्याच घरी जेवत होती येडी!"

लोह्याला उतरताना त्या फोनवर बहिणीला हसत सांगत होत्या, "झोप न्हाई गं लागली, वाचत बसले होते."

खुनी लपवता आला नाही, याचं वाईट वाटून घ्यायचं मी विसरूनच गेलो. नांदेड येईपर्यंत एकटाच हसत होतो.