खोली खाली आहे

सुरुवातीलाच सांगून टाकते, भूतखेत, आत्मा, चकवा यांतल्या कशावरही माझा विश्वास नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचताना डोक्यात "काहीतरी कारण असणारच" हेच चालू असतं. आणि माझ्यापेक्षा कट्टर माझे बाबा! हिंगणघाटच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की लोक हळदी-कुंकू घेऊन धावायचे आणि बाबा ग्लुकोजचं पाणी घेऊन. 'भूत' हा शब्द आमच्या घरी फक्त माझ्या न विंचरलेल्या केसांसाठी वापरला जायचा.

तरीही हे लिहिते आहे. बाबांना विचारूनच लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबांना काचबिंदू निघाला, तोही उशिरा लक्षात आला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजर कडेकडेने जात राहील, मधलं तेवढं शेवटपर्यंत दिसेल, मग तेही जाईल. तेव्हाच त्यांना बांगडीतून बघावं तेवढंच दिसत होतं. दवाखान्यातून परत येताना ऑटोत बाबा म्हणाले, "त्याच्या आधी एकदा विमानांच्या कसरती बघून घेतो."

बाबांनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं... म्हणून ते वाक्य मला फार लागलं. दरवर्षी ते फळ्यावर विमानाच्या पंखाचा छेद काढून हवेचा दाब समजवायचे. मुलं विचारायची, "सर, तुम्ही पाहिलंय विमान उलटं उडताना?" आणि बाबा म्हणायचे, "चित्रात."

हवाई दलाचा एअर शो तेव्हा दिल्लीजवळ हिंडनला व्हायचा. माझा मावसभाऊ प्रशांत दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. त्याने ऑफिसमधून दोन पास मिळवले. पण त्याच्या घरून हिंडन गाठायचं म्हणजे अख्खी दिल्ली ओलांडून पलीकडे गाझियाबाद. शोच्या सकाळी रस्ते बंद होतात, गाड्या लांब अडवतात. बाबांच्या गुडघ्यांना ते झेपणार नव्हतं. म्हणून आदल्या संध्याकाळी तिकडेच मुक्काम करायचा असं ठरवून मी साहिबाबादच्या एका लॉजवर खोली बुक केली.

निघण्यापूर्वी प्रशांतकडे जेवताना एक गंमत झाली, ती पुढे कामाला येते म्हणून सांगते. प्रशांतची मुलगी दिल्लीतच वाढलेली, मराठी समजतं पण तुकड्यातुकड्याने. बाबांनी तिला विचारलं, "माझा चष्म्याचा डबा कुठे गं?" ती म्हणाली, "आजोबा, वो तो खाली है." झालं. बाबा वाकून टेबलाखाली शोधायला लागले! आणि डबा तर तिच्या हातात, रिकामा. मराठीतलं खाली म्हणजे नीचे आणि हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं, यावर आम्ही पोट धरून हसलो. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं हिंदी ऐकतोय, पण कानाला आधी मराठीच ऐकू येतं."

साहिबाबादला पोचलो तर लॉजवाला म्हणे तुमच्या नावाचं बुकिंगच नाही. माझ्या मोबाईलवरचा मेसेज दाखवला, वाद घातला, शेवटी हात जोडले. खोल्या सगळ्या भरलेल्या, आजूबाजूच्या लॉजमध्येही तीच बोंब. शो बघायला कुठून कुठून लोक आले होते. बाबा रिसेप्शनच्या खुर्चीत बसून होते, चेहरा उतरलेला. शुगर असल्यामुळे त्यांना वेळेवर खायला लागतं आणि ती वेळ कधीच टळली होती. "जाऊ दे बेटा," ते म्हणाले, "परत जाऊ प्रशांतकडे. टीव्हीवर बघू." त्यांनी तसं म्हटल्यावर मी हट्टालाच पेटले.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने मागच्या गल्लीतलं एक घर सांगितलं. तिथे एक म्हातारी सरदारीण राहते, सगळे तिला बीजी म्हणतात, ती वरची खोली भाड्याने देते. जुनं, दुमजली घर होतं. गेटसमोर सिमेंटचा ओटा होता. बीजी वर बाल्कनीत उभ्या होत्या. मी खालूनच विचारलं, त्या म्हणाल्या बघून सांगते. सामान अजून लॉजवरच पडलं होतं. बाबांना ओट्यावर बसवलं, "इथून हलू नका" असं बजावलं आणि बॅगा आणायला गेले.

परत आले तर ओटा रिकामा.

आधी वाटलं वर गेले असतील. वर गेले तर खोलीचं दार उघडं, पलंगावर धुतलेली चादर, बाबा नाहीत. बीजी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मैंने तो बोल दिया था उनको, अंकलजी, कमरा खाली है, चले जाओ!" माझी पाचावर धारण बसली. बाजूने आलेली मोटारसायकल बाबांना दिसत नाही. त्यांचा मोबाईल माझ्या पर्समध्ये. गल्लीच्या दोन्ही टोकांना धावले, मेडिकलवाल्याला विचारलं, नाल्यापर्यंत जाऊन आले. "बाबा" म्हणून हाका मारत सुटले. त्यांना इथे आणायचा हट्ट मीच केला होता.

हताश होऊन गेटपाशी आले तेव्हा घराच्या बाजूच्या बोळातून बाबा भिंतीला धरत धरत येत होते. चेहरा अगदी टवटवीत, झोप काढून उठल्यासारखा.

"कुठे होतात?" मी जवळजवळ रडतच विचारलं.

"अगं, खालीच. त्या बाई म्हणाल्या ना, कमरा खाली है. म्हणून खाली गेलो."

बोळात तळघराकडे उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. मी कपाळावर हात मारला. पुन्हा तेच खाली!

मग वरच्या खोलीत पलंगावर टेकून बाबांनी सगळं सांगितलं. खाली दार उघडंच होतं. आत मंद दिवा. पन्नाशीतला एक माणूस म्हणाला, "काहून उभे राह्यले काका, या ना, बसा." बाबा चाटच पडले. साहिबाबादच्या तळघरात वऱ्हाडी! माणूस वर्ध्याकडचाच निघाला. बाबांनी "जय भीम" म्हटलं, त्यानेही "जय भीम" केला. गूळ-पाणी पुढे ठेवलं. खाटेवर पाय पसरायला लावले आणि म्हणाला, "खोली वरची हाय काका, तुमचं खालीवालं झालं दिसते. पन घडीभर पडा, पाय लय सुजले तुमचे." बाबांना झोपच लागली म्हणे.

"नाईट शिफ्टला असतो बिचारा," बाबा म्हणाले. "दिवसभर झोपतो. म्हणे, दरवर्षी विमानं डोक्यावरून जातात, मला फक्त आवाज येतो, दिसत कधीच नाही. मला म्हणाला, तुम्ही पाह्यलं की खाली येऊन सांगजा. मी म्हटलं, नक्की सांगतो."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक गुळाचा खडा काढला. "शुगरमुळे खाल्ला नाही. पण नाही कसं म्हणू? खिशात टाकला."

मी तो खडा रुमालात बांधून ठेवला. दुसरा भाडेकरू असेल, त्यात काय विशेष, असं मला वाटलं. उलट त्या माणसाचे मनोमन आभार मानले. बीजींनी गरम फुलके आणि दाल पाठवली, बाबा जेवले आणि आम्ही लवकर झोपलो.

सकाळचा शो... काय सांगू. मैदानात प्रचंड गर्दी, स्वच्छ निळं आकाश. पहिली विमानं आली तेव्हा सगळे "वो देखो" म्हणून हात वर करत होते आणि बाबा भलतीकडेच बघत होते. त्यांच्या बांगडीएवढ्या आभाळात विमान यायचं आणि कळायच्या आत निसटायचं. एवढं करून दिसणारच नाही की काय? मग मी त्यांच्या मागे उभी राहिले, दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरली आणि विमानाबरोबर त्यांची मान फिरवायला लागले. एक विमान सरळ वर चढत गेलं, पाठीवर वळलं आणि तसंच उलटं, संथपणे आमच्या डोक्यावरून गेलं. माझे हात ओले झाले म्हणून कळलं की बाबा रडत आहेत. मीही रडले. आजूबाजूचे लोक काय म्हणत असतील याची मला पर्वा नव्हती.

दुपारी बॅगा घ्यायला बीजींच्या घरी परतलो. बाबा गेटमधून थेट बोळाकडे वळले. "आधी त्याला सांगून येतो." मी त्यांचा हात धरून पायऱ्या उतरले.

खाली दाराला कुलूप होतं. गंजून दाराच्या कडीशी एकजीव झालेलं. उंबरठ्यावर वाळकी पानं साचलेली, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात जाळी. लोखंडी दाराचा खालचा भाग ओलीने खाऊन टाकला होता. उन्हातून त्या अंधारात आल्यामुळे बाबांना ते काही दिसत नव्हतं. त्यांनी दार चाचपलं आणि म्हणाले, "लावलंय वाटतं. झोपला असेल, रात्रपाळी करून आलेला. उठवायला नको." मग शेवटच्या पायरीवर बसले आणि दाराकडे तोंड करून, शाळेत शिकवायचे तशा आवाजात, हळूहळू सांगायला लागले. आधी कुठली विमानं आली, मग कुठली. धुराचे रंग. मी त्यांना थांबवू शकले नाही.

वरून बीजी डोकावल्या. "बेटा, अंकलजी किससे बात कर रहे हैं?"

मी वर जाऊन त्यांना कालचा घोळ सांगितला. खाली म्हणजे आमच्यात नीचे, हे ऐकून त्या आधी हसल्या. "लो जी! वो भी ऐसे ही..." आणि बोलता बोलता थांबल्या. हसू मावळलं.

मग म्हणाल्या, पुष्कळ वर्षांपूर्वी एक माणूस असाच खोली विचारत आला होता. तुमच्याकडचाच, महाराष्ट्रातला. "मैंने ऊपर से बोला, कमरा खाली है. वो सीधा बेसमेंट में चला गया. मैं कितना हँसी थी. पर उसको वही जगह पसंद आ गई, बोला ठंडी है, दिन में नींद अच्छी आएगी. फैक्टरी में रात की ड्यूटी थी उसकी." बरीच वर्षं राहिला. कुणीही आलं की पाण्याबरोबर गूळ द्यायचा. विमानांच्या दिवसांत बीजींच्या नातवंडांना विचारायचा, काय काय आलं होतं रे, सांगा. दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वेळी सुट्टी घेतो, बघतोच. एका दुपारी छातीत दुखतंय म्हणून स्वतःच वर आला. दवाखान्यात नेलं, तिथून परत आला नाही. भाऊ येऊन सामान घेऊन गेला, त्यानंतर तळघरात ओल आली आणि ते कायमचं बंद झालं. किल्ली कुठे आहे तेही बीजींना आठवत नव्हतं.

मी पर्समधला रुमाल उघडून दाखवला. बीजींनी डोक्यावर ओढणी घेतली.

आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो, पण नजर जात चाललेल्या माणसाचे कान तिखट होतात. खाली बाबांचा आवाज बंद पडला होता. मी घाईने उतरले. ते पायरीवर तसेच बसले होते, एक हात त्या कुलपावर. बोटांनी ते कुलूप चाचपत होते. मला वाटलं आता उठतील. पण त्यांनी घसा साफ केला आणि दाराकडे बघून म्हणाले, "तर सर्वांत शेवटी एक विमान उलटं गेलं. अगदी उलटं. पंखावरचा दाब कसा सांभाळत असेल, ते मला इतकी वर्षं चित्रातच माहीत होतं..." आणि राहिलेलं सगळं त्यांनी पूर्ण सांगितलं. मी त्यांच्या शेजारी बसून ऐकलं.

आतून काहीही आवाज आला नाही. आला असता तर इथे मोठ्या हौसेने लिहिलं असतं.

परतीच्या गाडीत न राहवून मी विचारलं, "बाबा, तुम्ही तर असलं काही मानत नाही ना?"

"नाहीच मानत," ते म्हणाले. "पण सांगतो म्हणून कबूल केलं होतं."

मी पुष्कळ विचार केला. शुगर उतरली की माणसाला भास होतात, हे मला बाबांनीच शिकवलंय. पायरीवर डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल. पण मग त्यांना ते रात्रपाळीचं, विमानांचं कुणी सांगितलं? आणि तो गूळ? मेडिकलवाल्याने दिला असेल म्हणून परत जाऊन विचारलंही होतं. त्याने नाही म्हणून सांगितलं. बाबांना विचारलं तर ते "माहीत नाही" म्हणतात, आणि तसं म्हणायला ते शाळेतही कधी लाजले नाहीत.

आता बाबांना काहीच दिसत नाही. आमच्या घरावरून विमानं जातात. आवाज आला की बाबा अंगणातल्या खुर्चीत मान वर करतात आणि मला हाक मारतात, "काय गेलं गं?" मी हातातलं काम टाकून गच्चीवर जाते. कधी विमान दिसतं, कधी तोवर गेलेलं असतं. पण जे असेल ते, कठड्याला वाकून खाली सांगते.